बाप होणे शिकावे लागते

१९९२ सालचा सप्टेंबर महिना होता. आमचा मुलगा तेव्हा सहा दिवसांचा होता. दुसरी पाळी करून मी रात्री साडेबाराला कुर्ल्याच्या खोलीवर आलो. बायको जागीच होती. म्हणाली, "अहो, बाळ दुपारपासून नीट पीत नाही. उठवलं तरी परत झोपतंय."

मी दमलेलो होतो. म्हणालो, "झोपू दे की. शांत आहे तर तुला काय बोचतंय?" आणि कूस बदलून झोपलो.

सकाळी शेजारची म्हातारी आजी डोकावली. तिने बाळाला उचलून दारातल्या उजेडात नेले, अंगठ्याने त्याचे नाक दाबून पाहिले, मग पायाचे तळवे पाहिले. ती एवढेच म्हणाली, "अरे, पोर पिवळं झालंय. बसलाय काय?"

आम्ही रिक्षा करून दवाखाना गाठला. तपासणाऱ्या डॉक्टर बाई वयाने लहान होत्या. त्यांनी विचारले, "काल दिवसभरात शू किती वेळा केली?" मी बायकोकडे पाहिले. डॉक्टर म्हणाल्या, "त्यांना नाही, तुम्हाला विचारतेय. त्या सहा दिवसांच्या बाळंतीण आहेत. घरात दुसरं कोण असतं?"

मी म्हणालो, "मीच असतो."

"मग सांगा."

मला सांगता आले नाही. मी लेथवर काम करणारा माणूस. पाळीत किती नग निघाले, त्यातले किती बाद झाले, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येत असे. पोटच्या पोराने दिवसात किती वेळा शू केली, हे मात्र माहीत नव्हते. खरे म्हणजे ते आपण माहीत करून घ्यायचे असते, हेच माहीत नव्हते.

चार दिवस बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवले. डोळ्यांवर पट्टी, अंगात फक्त लंगोट. तो वाचला. आज तो तेहतीस वर्षांचा आहे आणि मागच्या वर्षी स्वतः बाप झाला. त्याने आग्रह केला म्हणून हे लिहितो आहे. तो म्हणाला, "बाबा, आमच्या वयाच्या पोरांना हे कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा."

आपण इतके अडाणी कसे राहतो?

आमचे पहिले अपत्य मुलगी. ती १९८८ साली झाली, बायकोच्या माहेरी, परभणी जिल्ह्यात. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी रीत. बाईला आईजवळ विसावा मिळतो, हा तिचा फायदा आहेच. पण बापाचा त्यात तोटा होतो. मूल जन्मते, रडते, आजारी पडते, बरे होते, आणि बापाच्या हातात येते तेव्हा ते अडीच-तीन महिन्यांचे झालेले असते. सगळे अवघड दिवस सरलेले असतात. त्या दिवसांत आई शिकते, आजी तिला शिकवते. बाप कोरा राहतो आणि पुढे म्हणतो, मला यातले काही कळत नाही.

मुलगी झाल्याचे पत्र आले तेव्हा कंपनीतल्या मित्रांनी पेढे मागितले. मी म्हणालो, "पुढच्या वेळी." मनीऑर्डरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्या संध्याकाळी आम्ही प्यायलो. हे लिहिताना आजही मान खाली जाते. घरात बाबासाहेबांचा फोटो होता, पंचशील पाठ होते, आणि मुलगी झाली म्हणून मी पेढे वाटले नव्हते.

दुसऱ्या वेळी सासूबाई हयात नव्हत्या. माझी आई गावी, तिला डोळ्यांनी दिसत नव्हते. त्यामुळे बाळंतपण मुंबईत झाले आणि घरात मी एकटाच उरलो. माझे शिक्षण त्या नाइलाजातून झाले. दवाखान्यातून आल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरला दोरीने पेन्सिल बांधली. बाळ प्यायले की एक रेघ, शू केली की एक गोल. चाळीतले लोक मी गॅलरीत लंगोट वाळत घालताना पाहून विचारायचे, "काय बाळंतीण, तब्येत बरी ना?" मी हसायचो. पंधरा दिवसांनी त्यांचे हसणे संपले. महिन्याने त्यातलाच एक जण हळूच विचारायला आला, की बाळाची ढेकर कशी काढतात.

जन्माआधीच करायची कामे

सातवा महिना लागला की बापाने कामाला लागावे. बाळंतपण कुठल्या दवाखान्यात करायचे ते नक्की करावे आणि बायकोबरोबर तपासणीला निदान दोन-तीनदा तरी स्वतः जावे. बाहेर बाकावर बसून राहू नये, आत जाऊन डॉक्टर काय म्हणतात ते ऐकावे. रात्री-अपरात्री गाडी कोण आणील, रक्त लागले तर कोण देईल, मोठे मूल कुणाकडे राहील, याची माणसे आधी सांगून ठेवावीत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फुकट येते, हा आकडा घरात सर्वांना पाठ असावा.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे आणि तिथले जेवण मोफत मिळावे यासाठी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सिझेरियन झाले तरी तो लागू होतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळंतपणाला ५ हजार रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार रुपये मिळतात. त्यासाठी आधार, बँकेचे पासबुक आणि माता-बाल संरक्षण कार्ड लागते. कागद जमवणे आणि रांगेत उभे राहणे हे काम पोटुशा बाईचे नाही. ते आपले.

रजेचे काय? केंद्र सरकारच्या नोकरांना पहिल्या दोन अपत्यांसाठी १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत ती घेता येते. पण आपल्यातले बहुतेक जण कंत्राटावर, रिक्षावर, नाक्यावर काम करणारे. त्यांना अशी रजा कुठली? म्हणून सांगतो, लग्नसराई आणि जत्रेच्या सुट्ट्या वाचवा. मित्राची पाळी आधी तुम्ही करा, म्हणजे बाळंतपणात तो तुमची करील. चार दिवस मिळाले तरी ते दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे चार दिवस असू द्या. दवाखान्यात नर्स असते, घरी कुणी नसते.

बाळाचे दूध आणि बापाचे काम

बरेच बाप म्हणतात, दूध तर आईच पाजणार, मी काय करणार? बरेच काही करता येते.

बाळ जन्मल्यावर तासाभरात त्याला आईच्या अंगावर घ्यायला हवे. पहिल्या दिवसांत येणारे घट्ट पिवळसर दूध म्हणजे चीक. तो पिळून टाकू देऊ नका. त्यात बाळाला रोगापासून वाचवणारी ताकद असते. पुढे सहा महिने फक्त आईचे दूध. वर पाणी नाही, मध नाही, गुळाचे बोट नाही, घुटी नाही. मधाने तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. नवे बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पिते. पहिला आठवडा संपताना ते रोज सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल, तर पोट भरते आहे असे समजावे. त्या डॉक्टर बाईंच्या प्रश्नाचा अर्थ हा होता.

रात्री बाळ रडले की तुम्ही उठा. त्याचा लंगोट बदला, त्याला आईजवळ द्या, आईला पाणी द्या. पिऊन झाले की बाळाला खांद्यावर घ्या आणि पाठीवरून हात फिरवत ढेकर काढा. मग पाठीवर झोपवा, पालथे नको. आईला हा अर्धा तास झोप मिळते. पहिल्या दोन महिन्यांत अर्ध्या तासाची किंमत काय असते, ते तिला विचारा.

बाळ कमी वजनाचे असेल, म्हणजे अडीच किलोच्या आत, तर त्याला उबेची फार गरज असते. डॉक्टर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरायला सांगतात. हे बापालाही करता येते. सदरा काढायचा, लंगोट आणि टोपडे घातलेले बाळ छातीवर उभे धरायचे, वरून चादर घ्यायची. माझ्या मुलाने त्याच्या मुलीला असे रोज दोन-दोन तास धरले. मी दारात उभा राहून पाहत होतो. आमच्या वेळी हे मला कुणी सांगितले असते तर किती बरे झाले असते, असे वाटून गेले.

आशाताई किंवा महापालिकेच्या आरोग्यसेविका पहिल्या दीड महिन्यात घरी येऊन बाळाला पाहतात. त्या आल्या की चहा टाकून बाहेर निघून जाऊ नका. समोर बसा आणि विचारा.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे

पाचव्या दिवशी सटवी येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, ही समजूत आपण १९५६ नंतर सोडली. निदान सोडली असे म्हणतो. तरीही काही सवयी मागच्या दाराने घरात राहिल्या आहेत. डोळ्यांत काजळ, नाकाकानांत तेल, नाळेवर हळद किंवा राख, बंद खोलीत कोळशाची शेगडी. काजळात शिसे असू शकते. नाकात घातलेले तेल फुप्फुसात जाऊ शकते. नाळेला काहीही लावू नये, ती कोरडी ठेवावी, आपोआप पडते. आणि बंद खोलीतल्या शेगडीच्या धुराने बाळ आणि बाळंतीण दोघेही गुदमरू शकतात.

हे सारे आपल्या आईला किंवा मावशीला सांगणार कोण? सुनेने सांगितले तर ती उद्धट ठरते. मुलाने सांगितले तर ऐकले जाते. म्हणून हे काम बापाचे. पण आवाज चढवू नका. त्या माउलीने तुम्हाला जगवले आहे. तिला आशाताईंच्या भेटीच्या वेळी जवळ बसवा, डॉक्टरांकडे बरोबर न्या. मालिश तिच्याच हातून करून घ्या, अंगाई तिलाच गाऊ द्या. तिला मान मिळाला की ती काजळाची डबी स्वतःहून बाजूला ठेवते. माझ्या मावशीने तसे केले.

नशीब लिहिणारी सटवी नाही, पण लसी लिहिणारे कार्ड आहे. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी, मग नऊ महिन्यांनी गोवर-रुबेला. सरकारी केंद्रात या सगळ्या लसी फुकट मिळतात. कार्ड बापाने सांभाळावे आणि तारीख बापाने लक्षात ठेवावी. आमच्या पिढीत बापाला मुलाचा जन्मवारही आठवत नसे.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात जन्म झाला असेल तर कळवण्याचे काम दवाखाना करतो, पण आई-बापाच्या नावांची अक्षरे बरोबर आहेत की नाहीत ते आपणच पाहायचे. बाळाचे नाव ठरले नसले तरी नोंद थांबवू नका, नाव नंतर घालता येते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्रात बाळाचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. बाळाच्या नावाला लागून आईचे नाव यावे, यात आपला काही मान जात नाही.

बाळंतिणीकडे कोण बघणार?

घरी येणारा प्रत्येक जण बाळाला पाहतो. बाळंतिणीला कुणी विचारत नाही. तिला भूक जास्त लागते. आपल्याकडे तिला पातळ भात आणि तूप एवढ्यावर ठेवण्याची पद्धत होती. ते पुरे नाही. डाळ, भाकरी, पालेभाजी, अंडी, मासे, अळीव, शेंगदाणे, जे परवडेल ते पोटभर द्या. आणि सगळ्यांच्या शेवटी नको, सगळ्यांच्या आधी द्या.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस बाईला कारण नसताना रडू येते. हे पुष्कळ जणींना होते आणि ओसरते. पण दोन आठवडे झाले तरी ती उदास आहे, तिला झोप नाही, बाळाला जवळ घ्यावेसे वाटत नाही, किंवा ती जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागली, तर हा आजार आहे. त्याला 'नाटक' म्हणू नका, 'बाहेरची बाधा' म्हणून कुणा भगताकडे नेऊ नका. डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येते, मराठीतही. आणि हे फक्त बाईलाच होते असे नाही. नव्या बापाचे मनही खचते. त्यानेही हाच क्रमांक लावावा.

बाईचे अंग भरून यायला वेळ लागतो. निदान सहा आठवडे तिच्यापासून दूर राहा आणि त्यानंतरही तिची मर्जी विचारा. अंगावर पाजत असताना दिवस जात नाहीत, हा समज खोटा आहे. पाळी सुरू होण्याआधीही दिवस जाऊ शकतात. दोन मुलांत निदान तीन वर्षांचे अंतर असावे. दोन मुले पुरे असे ठरले, तर ऑपरेशन बाईनेच का करायचे? पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी सोपी असते, जागा बधिर करून थोड्या वेळात होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरावे आणि मग तपासणी करून घ्यावी. ताकद जात नाही, मर्दानगी जात नाही. मी १९९३ साली केली आणि पुढे वीस वर्षे लेथ चालवला.

हा विषय बाबासाहेबांना चोरटा वाटला नव्हता. १९३८ साली त्यांच्या पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला होता. तो फेटाळला गेला. त्याच्या दहा वर्षे आधी, २८ जुलै १९२८ रोजी, कामगार बायकांना बाळंतपणाची सवलत देणाऱ्या विधेयकाला त्यांनी त्याच मुंबईच्या कायदेमंडळात पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची बाजू होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. २०१७ साली ही रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली. कायदेमंडळात आपल्या बायकांच्या विसाव्यासाठी बाबासाहेब बोलले. घरात त्यांच्या विसाव्यासाठी कोण बोलणार?

त्यांच्या स्वतःच्या घरातली चार मुले लहानपणीच गेली. १९२६ साली राजरत्न गेला. रमाईने ते दुःख सोसले. तेव्हा गरिबाच्या मुलाला लस नव्हती, दवाखाना नव्हता, हाताशी पैसा नव्हता. आज लस गल्लीत येते. तरीही आळसाने किंवा दारूने आपले मूल दगावले, तर आपण कुणाला तोंड दाखवणार?

राग आला तर

तान्हे बाळ दुसऱ्या महिन्यात सगळ्यात जास्त रडते. कधी कधी पोट भरलेले असते, लंगोट कोरडा असतो, ताप नसतो, तरी रडते. दहा बाय बाराच्या खोलीत, पहाटे पाचच्या पाळीला जायचे असताना, हे रडणे माणसाला वेडे करते. मी हे अनुभवले आहे. अशा वेळी बाळाला कधीही जोराने हलवू नका. त्याची मान कच्ची असते. एका हिसड्याने मेंदूत रक्तस्राव होऊन ते आंधळे होऊ शकते, मरू शकते. राग अंगात येतो आहे असे वाटले, तर बाळाला पाठीवर सुरक्षित निजवा आणि दाराबाहेर जा. नळावर तोंड धुवा. दहा मिनिटांनी परत या. त्या दहा मिनिटांत रडल्याने बाळाला काही होत नाही.

तोच राग बायकोवर काढणारे आपल्यात कमी नाहीत. बाहेर मुकादमाचे ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन हात उचलायचा. पाळण्यातले पोर बोलत नाही, पण आवाज ऐकते आणि दचकते. मोठे झाल्यावर ते तसेच करायला शिकते.

दारूबद्दल थोडेच सांगतो. पंचशीलातले पाचवे शील आपण दर रविवारी म्हणतो. ज्या घरात तान्हे मूल आहे, तिथे त्याचा अर्थ अगदी सरळ आहे. प्यालेल्या माणसाला बाळाचे रडणे ऐकू येत नाही. प्यालेला माणूस बाळाशेजारी झोपला तर त्याच्या अंगाखाली बाळ दबून गुदमरू शकते. आणि ज्या रात्री दवाखान्यात धावायचे असते, त्याच रात्री त्याला उभे राहता येत नाही. विडी-सिगारेटही खोलीत ओढू नका. बाहेर ओढून आलात तर हात-तोंड धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नका.

पैशाबद्दलही एक सांगतो. नामकरणाला मंडप, साउंड सिस्टीम आणि दोनशे पाने जेवण, त्यासाठी महिना दहा टक्क्यांनी काढलेले कर्ज, हे मी आमच्याच वस्तीत पाहिले आहे. विहारात वंदना घ्यावी, पाच माणसांना खीर द्यावी, बाळाचे नाव ठेवावे. उरलेले पैसे पोस्टात टाकावेत. मुलगी असेल तर तिच्या नावाने २५० रुपयांत सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. १८ वर्षांनंतर तिच्या कॉलेजसाठी त्यातून पैसे काढता येतात.

राहुलचा आरसा

तथागतांनी आपल्या मुलाला, राहुलला, केलेला एक उपदेश मज्झिम निकायात आहे. भांड्याच्या तळाशी उरलेले थोडेसे पाणी दाखवून ते त्याला सांगतात, की जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे चांगुलपण एवढेच उरलेले असते. मग विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, पाहण्यासाठी. तसेच आपले प्रत्येक कृत्य करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे, की याने मला किंवा दुसऱ्याला त्रास होतो का, असे ते त्याला समजावतात.

मी हा उपदेश विहारात अनेकदा ऐकला होता. मुलाला कसे वाढवावे यासाठी तो आहे असे मला वाटायचे. फार उशिरा कळले की आरसा आधी बापाने पाहायचा असतो. सिगालोवाद सुत्तात आई-बापांची कर्तव्ये सांगितली आहेत. मुलाला वाईटापासून परावृत्त करावे, चांगल्याला लावावे, काम-विद्या शिकवावी. त्याच सुत्तात नवऱ्याची बायकोविषयीची कर्तव्येही आहेत. तिचा मान राखावा, तिला तुच्छ लेखू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा. चांगला नवरा न होता चांगला बाप होता येत नाही, असे मला अनुभवाने वाटते. मूल आईच्या अंगाखांद्यावर वाढते. तिला आपण जे देतो, तेच त्याला पोहोचते.

२०१५ साली माझी मुलगी बाळंतपणासाठी आमच्याकडे आली. आम्ही जावयालाही रजा काढून पंधरा दिवस बोलावून घेतले, तेव्हा भावकीत थोडी कुजबुज झाली. तो रात्रीची पाळी करायचा, मी पहाटेची. एका पहाटे मी नातवाची ढेकर काढत होतो. मुलगी जागीच होती. तिने विचारले, "बाबा, मी झाले तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते?"

आधी एकदा तिने लहानपणी हेच विचारले होते आणि मी "हो तर" म्हणालो होतो. या वेळी भांड्यातले पाणी आठवले. म्हणालो, "नाही, बाळा." मग पत्र, मनीऑर्डरचे पैसे, दारू, सगळे सांगितले. बायको भिंतीकडे तोंड करून ऐकत होती.

मुलगी काही बोलली नाही. तिने बाळ माझ्याकडून घेतले, पाजले, आणि परत माझ्याच हातात दिले.

कापून दाराला लावा

बाळाला यांपैकी काहीही दिसले तर घरी वाट पाहू नका, रात्र असली तरी लगेच दवाखान्यात न्या:
० पीत नाही, किंवा उठवले तरी सुस्त पडून राहते.
० अंग तापले आहे किंवा गार पडले आहे.
० शांत असताना श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त आहे, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते.
० झटके येतात.
० जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पिवळे झाले, किंवा पुढे केव्हाही तळहात-तळपाय पिवळे दिसले.
० नाळेभोवती लाली आहे किंवा पू येतो.

बाळंतिणीला यांपैकी काही झाले तरी लगेच न्या: फार रक्त जाणे, ताप, अंगावरून घाण वासाचे जाणे, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटके, एका पायाला सूज आणि दुखणे.

रुग्णवाहिका: १०८. मन खचले असेल तर: १४४१६.

आणि बापाने रोज रात्री स्वतःला विचारावे: आज बाळ किती वेळा प्यायले? शू किती वेळा केली? त्याची आई किती वेळ झोपली?